येवुबदारचा चौकोन

आमच्या गावात कचेरीच्या भिंतीला लागून, निलगिरीच्या झाडाखाली, येवुबदारची पत्र्याची टपरी होती. गावाचं नाव मी सांगणार नाही. त्या कचेरीतले निम्मे लोक अजून त्याच खुर्च्यांवर बसलेत आणि मला अजून त्यांच्याकडून दाखले काढायचेत. गोज्जाम प्रांतातलं एक गाव, एवढं पुरे.

येवुबदारचा धंदा टायपिंगचा. अर्ज, दाखले, करारमदार, लग्नाच्या पत्रिका, सगळं तिच्या हातून जायचं. पुढ्यात जाडजूड टाइपरायटर, बाजूला कोळशाची शेगडी, शेगडीवर कॉफीचं काळं मातीचं भांडं. माणूस कागद घेऊन आला की आधी कॉफी. आमच्याकडे कॉफी तीनदा ओततात, आणि तिसरा कप घेतल्याशिवाय उठणं म्हणजे घरधन्याचा अपमान. या रिवाजाचा बाईने पुरेपूर फायदा उठवला. तिसरा कप रिकामा झाल्याशिवाय ती तयार कागद हातात ठेवत नसे, आणि तोवर तुमच्या घरातली सून माहेरी का गेली, खेचर कोणत्या पायाने लंगडतंय, सगळं तिच्या पोटात गेलेलं असे. मजुरी ती बेताचीच घ्यायची, कसर बातम्यांत काढायची.

बाई जिभेने तिखट होती. मनाने गोड होती असं म्हणायचा रिवाज आहे, पण ती मनानेही तिखटच होती. आणि एक खोड होती तिला. "मला माहीत नाही" हे शब्द तिला उभ्या जन्मात उच्चारता आले नाहीत. राजधानीत, अदिसला, नवा मंत्री कोण झाला, बिशपांना कोणतं कालवण आवडतं, चंद्रावर काय पिकतं, काहीही विचारा. माहिती असली तर उत्तम, नसली तर जागच्या जागी तयार व्हायची, आणि ती इतकी गरमागरम की खरी माहिती तिच्यापुढे शिळी वाटावी. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

तिच्या टपरीतलं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे गाशे ग्वशू. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला गाशे म्हणतात. हा माणूस खेचरांची खोगिरं शिवायचा. बायको लवकर गेली, पाठीमागे एकच मुलगी, झिनाश. रोज सकाळी तो स्वतःचं तीनपायी स्टूल घेऊन यायचा, शेगडीजवळ बसायचा आणि कॉफीला नावं ठेवायचा. काल करपली होती, आज कच्ची आहे, परवाची तर प्यायल्यावर खेचरसुद्धा लाजलं असतं. नावं ठेवत ठेवत तिन्ही कप प्यायचा. येवुबदार चिडायची, आणि दुसऱ्या दिवशी दाणे जरा जास्त निगुतीने भाजायची.

दोघांमध्ये एक जुनं भांडणही होतं, ते अक्षरावरून. ग्वशूच्या नावातलं पहिलं अक्षर 'ग्व'. आमच्या लिपीत ते एकसंध अक्षर आहे, 'ग' सारखंच, फक्त अंगाला एक छोटं कडं. टाइपरायटरवर ते नव्हतं. यंत्र बनवणाऱ्याला जागा पुरली नसेल, नाहीतर त्याच्या सासऱ्याचं नाव त्या अक्षराने सुरू होत असेल. बाकीची माणसं जवळपासच्या अक्षरावर भागवायची. ग्वशू भागवून घेणाऱ्यातला नव्हता. म्हणून येवुबदार नुसता 'ग' मारायची आणि मग पेन घेऊन हाताने कडं काढायची. तो कागद उजेडात धरून म्हणायचा, कडं बारीक झालं. ती विचारायची, तुमच्या नाकाएवढं काढू का? त्याचं नाक खरंच दांडगं होतं. हा खेळ वर्षानुवर्षं चालला.

मग कंप्युटर आला. तिचा भाचा यारेद अदिसमध्ये मशीनं दुरुस्त करायचा, त्याने एक जुना संच आणि प्रिंटर बसच्या टपावर बांधून पाठवला. टाइपरायटर बाकाखाली गेला, त्यावर फडकं पडलं. येवुबदार पंधरवड्यात नवं यंत्र शिकली. टपरीच्या दारातून येणाऱ्या उन्हात पडद्यावरचं काही धड दिसायचं नाही, पण ती कशाला बघतेय. तिची बोटं सुसाट आणि नजर रस्त्यावर.

पहिलाच मोठा कागद कचेरीच्या साहेबांचा, आतो, म्हणजे श्रीयुत, ग्वबेझेंचा. त्यांचंही नाव त्याच 'ग्व'ने सुरू होणारं. कागद आत गेला आणि लगेच बाईला बोलावणं आलं. साहेबांनी नावावर बोट ठेवलं. 'ग्व'च्या जागी एक स्वच्छ, रिकामा चौकोन. वर प्रांताचं नाव होतं, गोज्जाम. जुन्या वळणाने तेही त्याच अक्षराने लिहितात, तर तिथेही चौकोन. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. हे काय म्हणून त्यांनी विचारलं.

येवुबदार तो चौकोन जन्मात पहिल्यांदा बघत होती. कोणीही सरळ माणूस म्हणाला असता, साहेब, यंत्र बिघडलंय, उद्या करून देते. पण मघाशी सांगितलं ना, खोड.

"अदिसची नवी पद्धत आहे, साहेब," ती म्हणाली. "गोल शिक्का कचेरीचा आणि चौकोन घराण्याचा. जुनं, नामांकित घर असलं की मशीन आपणहून घालतं. गोज्जामलाही घातलाय बघा."

साहेबांची आठी गेली. त्यांनी चौकोनावरून एकदा बोट फिरवलं, कागदाची आणखी एक प्रत मागवली आणि ती काच लावून खुर्चीमागे टांगली. येवुबदार टपरीत आली, दार ओढून घेतलं आणि तोंडात शालीचा पदर कोंबून हसली.

आमच्याकडे शिक्का नसलेला कागद म्हणजे अळणी कालवण, कोणी तोंडात घेत नाही. जितके शिक्के जास्त तितका कागद खरा. तेव्हा गोल शिक्क्याला चौकोनी भाऊ झालाय ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नाही. पहिली आली मुलुनेश, मधाच्या दारूचा गुत्ता चालवणारी. काखेत कोंबडी. तिच्या आजोबांच्या दारात म्हणे बैलांच्या जोड्या झुलायच्या, आणि तिच्याच नावात चौकोन नाही, हा कुठला न्याय. येवुबदारने मान डोलावली, कोंबडी ठेवून घेतली, न घेतली असती तर बाईला वाईट वाटलं असतं, आणि यंत्राशी खटपट केली. 'ग्व'चं बटण दाबलं की चौकोन उमटतो, हे एव्हाना तिला कळलं होतं. तिने मुलुनेशच्या 'मु'च्या जागी ते बटण दाबलं. मुलुनेश आपला चौकोन मिरवत बाजारभर फिरली.

पुढे विचारू नका. ज्याच्या आजोबांकडे शेळी नव्हती त्यालाही चौकोन पाहिजे झाला. कचेरीच्या खिडकीवरच्या तामिरातने तर कहर केला. हा कारकून पहिल्या फेरीत कोणाचाही कागद घेतल्याचं गावाला आठवत नाही. समास कमी, शाई फिकी, घडी वाकडी, काहीतरी काढायचाच. त्याने आधी स्वतःच्या बदलीच्या अर्जावर चौकोन घालून घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकीतून नवाच प्रश्न यायला लागला, चौकोन कुठाय? चौकोन नाही म्हणून रांगच्या रांग परत फिरायची ती थेट येवुबदारच्या टपरीत. शेगडी विझायला सवड नव्हती. बाईची नुसती चंगळ होती, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही अधूनमधून वाटायला लागलं होतं की चौकोनात काहीतरी असेल बुवा.

अशात झिनाशचं लग्न ठरलं. मुलगा शाळामास्तर, बहिर दार शहरातला, पण त्याची बदली झाली होती लांब दक्षिणेला. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास तोंडावर आला होता आणि उपासात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत. उपासाआधी उरकलं तर ठीक, नाहीतर मास्तर दक्षिणेला जायचा, आणि लांब गेलेल्या नवऱ्यामुलाचा काय भरवसा. वराकडच्यांना कचेरीचा दाखला हवा होता, मुलगी इथली, अविवाहित, अमुक बापाची लेक. झिनाश आनंदात टपरीत आली, येवुबदारने तिला खूप चिडवलं आणि दाखला टाइप करून दिला. तिच्या बापाचं नाव म्हणजे बटण बदलायचीही गरज नाही, चौकोन आयताच उमटला.

तासाभराने गाशे ग्वशू झिनाशला घेऊन आला. स्टुलावर बसला नाही. त्याने कागद शेगडीच्या कडेला ठेवला.

"माझं नाव कुठाय?" त्याने विचारलं.

येवुबदारने पाठ झालेलं भाषण सुरू केलं, जुनी घराणी, अदिसची पद्धत. त्याने सगळं ऐकून घेतलं. आमच्यात आडनाव नसतं, पोराच्या नावामागे बापाचं नाव लागतं आणि तिथेच थांबतं. नातवंडांच्या नावामागे जावयाचं लागणार. म्हणजे ग्वशूचं नाव जगात उरणार ते एका झिनाशच्या पाठीशी, ती आहे तोवर.

"मला मुलगा नाही, येवुबदार. माझं नाव हिच्यापाशी संपायचं," तो म्हणाला. "आहे तेवढं तरी धड असू दे. माझ्या पोरीने लग्नात हा रिकामा डबा बाप म्हणून न्यायचा का?"

येवुबदारने कागद पुढ्यात ओढला. मग पेन काढलं, चौकोनावर 'ग' गिरवला, त्याला चांगलं मोठं कडं काढलं आणि कागद झिनाशच्या हातात दिला. खिडकीतून तो तसाच बाहेर आला. तामिरात म्हणाला, एक तर खाडाखोड, आणि दुसरं म्हणजे चौकोन कुठाय? झिनाश रडत घरी गेली. ग्वशूने स्टूल उचललं आणि तोही गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. येवुबदारने कॉफी केली, दाणे नीट भाजले, आलेल्या प्रत्येकाने वाहवा केली आणि तिला ती कडू लागली. एवढी माणसं टपरीत, पण करपलीय म्हणायला कोणी नाही. तिला त्या म्हाताऱ्याची आठवण येत होती, आणि आठवण येतेय याचाच राग येत होता. आपणच पसरलेल्या जाळ्यात आपल्याच माणसाचा पाय अडकला, आता ओरडायचं कोणाच्या नावाने? रांगेतल्या दोघांवर तिने विनाकारण डाफरून घेतलं, पण त्याने काही भागलं नाही.

शेवटी तिने टेलिफोन घरात जाऊन यारेदला फोन लावला. त्याने समजावून सांगितलं ते असं. पूर्वी आपल्या अक्षरांना यंत्रात स्वतःचं घर नव्हतं, ती इंग्रजी अक्षरांच्या पाटांवर दाटीवाटीने बसायची. पाट थोडे, आपली अक्षरं दोनशेच्या वर. कोणी मांडीवर, कोणी दाराबाहेर. आता जगभरच्या अक्षरांची एकच पंगत मांडलीय, प्रत्येकाला स्वतःचा पाट आणि पाटाला नंबर. 'ग्व'लाही मिळालाय, हक्काचा. तुझ्या मशीनला तो नंबर ठाऊक आहे, पण अक्षराचं रूप तिच्यात कोणी भरलेलं नाही. म्हणून ती नुसता रिकामा पाट दाखवते.

"म्हणजे गावभर मी रिकामे पाट वाटले?" येवुबदारने विचारलं.

"रिकामे कसले, आत्या," यारेद हसत म्हणाला. "ज्याच्या ज्याच्या नावात तू ते बटण दाबलंस, तिथे तिथे 'ग्व'च बसलाय. दिसत नाही एवढंच. उद्याच्या बसने ते रूप भरलेली तबकडी पाठवतो, ती घातलीस की सगळे दिसायला लागतील."

येवुबदारने फोन ठेवला आणि बाहेरच्या पायरीवर बसली. तबकडी घातली की ग्वशूचं नाव परत येणार, आणि त्याच दिवशी चौकोन कायमचे जाणार. मग खिडकीत काय दाखवायचं, साहेबांना काय सांगायचं, मुलुनेशची कोंबडी तर पोटातसुद्धा उरली नव्हती. आणि नाही घातली तर सगळं बिनबोभाट. बसवाल्याने तबकडी आणून दिली तेव्हा तिने ती भाजलेल्या जवाच्या डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं. तिने आधी ग्वशूला शिव्या दिल्या, मग यारेदला, मग ज्या कोणा पूर्वजाने 'ग'ला कडं घातलं त्याला. उपासाला आठवडा उरला. वराकडून निरोप आला की दाखला मिळत नसेल तर तसं सांगून टाका. तो निरोप तिने रांगेतल्या एकाच्या तोंडून ऐकला, हातातला कप खाली ठेवला आणि जवाचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी शाल अंगावर घेऊन ती स्वतः खिडकीवर गेली. सोबत झिनाश. ग्वशू बोलावल्यावर आला होता, पण लांब, भिंतीपाशी, हात मागे बांधून उभा. तामिरातने दाखला उचलला. झिनाशच्या नावामागे ग्वशूचं नाव, 'ग्व' कड्यासकट, ठसठशीत.

"चौकोन कुठाय?" तामिरातने विचारलं.

"चौकोन म्हणजे काही नव्हतं. यंत्राला अक्षर सापडत नव्हतं, त्याची ती रिकामी जागा." येवुबदार थांबली, घसा खाकरला. "मला माहीत नव्हतं."

भिंतीपाशी ग्वशूने मान वर केली. ते तीन शब्द बाहेर काढताना बाईचे किती हाल झाले असतील, ते तिथे त्याला एकट्यालाच कळलं.

बाकी कोणाचा विश्वास बसला म्हणाल तर नाव नको. इतकी वर्षं बाईने थापा मारल्या त्या गावाने गूळ समजून गिळल्या, आणि आयुष्यात एकदा खरं बोलली तर सगळ्यांनी नाकं मुरडली. मुलुनेश रांगेतून म्हणाली की आम्हाला मिळाला ना, आता दुसऱ्या कोणाला मिळू नये म्हणून ही दार लावून घेतेय. तामिरातने कागद परत सरकवला आणि म्हणाला, चौकोनाशिवाय मी शिक्का मारत नाही, नियम आहे.

"बरं," येवुबदार म्हणाली. "तुमचा बदलीचा अर्ज माझ्या यंत्रात आहे. अक्षराला हात न लावता परत छापून देते. चौकोन आला तर माझी टपरी तुमची."

तामिरात खिडकी सोडून आला, हेच गावातलं मोठं नवल. त्याच्यामागे अख्खी रांग. प्रिंटर कुरकुरला, कागद बाहेर आला, तामिरातने तो ओढून घेतला आणि अर्जदाराचं नाव मोठ्याने वाचलं. वाचलं आणि थांबला. परत वाचलं. चौकोनाच्या जागी, पायाशी कडं मिरवत, 'ग्व' बसला होता.

"ग्वमिरात," मागून कोणीतरी साळसूद तोंड करून म्हणालं.

मुलुनेशने माझा काढ, माझा काढ म्हणून गोंधळ घातला. तिचा निघाला. ग्वलुनेश. मग एकेकाचे कागद यायला लागले आणि रांग पोट धरून हसायला लागली, ज्याचा कागद निघेल तो तेवढ्यापुरता गप्प, पुढच्याच्या वेळी त्याचाच आवाज मोठा. आजोबांचे बैल, घराणी, सगळं एका अक्षरात वाहून गेलं. घराणं मागायला आलेल्या झाडून साऱ्यांच्या नावात खोगीर शिवणाऱ्याचं अक्षर निघालं. एकट्या साहेबांचं नाव बरोबर छापून आलं, त्यामुळे ते मात्र नाराज झाले. काचेतला चौकोन त्यांनी निवृत्त होईपर्यंत उतरवला नाही.

तामिरातने दाखल्यावर शिक्का मारला तो इतक्या जोराने की दौत कलंडली. त्याला पुढे गाव ग्वमिरातच म्हणत राहिलं. येवुबदारने सगळ्यांचे कागद फुकट बदलून दिले, महिनाभर हात दुखत होते. मुलुनेशने कोंबडी परत मागितली, तेव्हा बाई म्हणाली, तिच्यात चौकोन निघाला होता, कापावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल शेगडीजवळ आलं. ग्वशूने पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, करपलीय. येवुबदारला इतकं बरं वाटलं की ती चिडायचं विसरली. तिने लग्नाची पत्रिका त्याच्या हातात ठेवली, कोरी करकरीत, आदल्या दिवशीच छापलेली. त्याने ती उजेडात धरली.

"कडं बारीक आहे," तो म्हणाला.

"यंत्राचं आहे ते, गाशे. आता जगात कुठेही छापा, एवढंच येणार."

दुसरा कप त्याने पत्रिका मांडीवर ठेवून प्यायला. तिसरा कप हातात घेतल्यावर त्याने पत्रिका हळूच तिच्याकडे सरकवली आणि तिच्याच बाकावरचं पेन उचलून पत्रिकेवर ठेवलं.

"तुझ्या हातचं मोठं असायचं," तो म्हणाला.

तिने पेन घेतलं आणि छापील कड्याभोवती आणखी एक कडं काढलं, सावकाश, शाई फुटू न देता. ग्वशूने पत्रिका हातभर लांब धरून पाहिली.

"आता नाकाएवढं झालं," तो म्हणाला. मग पिशवीत हात घातला, झिनाशने आदल्या दिवशी नेलेल्या बाकीच्या सगळ्या पत्रिकांचा गठ्ठा काढला आणि तिच्यापुढे ठेवला.